साडूंचं ‘हं’

आख्ख्या नाशिक जिल्ह्यात माझ्या थोरल्या साडूंइतका जागेपणी गैरहजर असणारा दुसरा माणूस नसेल. डोळे धडधाकट, कान तिखट; पण त्यांतून जे आत जाई ते साडूंना स्वतःला कधी सापडेल याचा नेम नसे. तोपर्यंत जगाला फक्त ‘हं’ मिळे. देवळाली कॅम्पातल्या त्यांच्या घरी अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, जेवताना विचारायची, “आमटीत मीठ बरोबर हाय ना?” साडू पेपरातून मान न काढता “हं” म्हणायचे. एकदा मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो होतो. नाशकातल्या द्वारका चौकाच्या गर्दीत ट्रक अंगावर येत असताना हे गृहस्थ शांतपणे म्हणाले, “परवा मीठ जरा कमी होतं.” मी जीव मुठीत धरून त्यांना ट्रक दाखवला. “हं,” ते म्हणाले. ट्रक फार जवळून गेला, हे मत त्यांनी घरी पोचून हातपाय धुतल्यावर दिलं.

अक्का सायखेड्याची. तिची आयुष्यभराची तक्रार एकच: “मला बघायला आले, पण बघितलं कुठं?” कांदेपोह्यांच्या वेळी तिनं टवका उडालेली बशी मुद्दाम यांच्या हातात दिली होती. बघायला आलेल्या मुलाचीही परीक्षा घ्यावी, हा तिचा स्वतःचा शोध. साडूंनी पोहे खाल्ले, बशी परत केली आणि टवक्याचं नावही काढलं नाही. ‘एक तर देवमाणूस, नाय तर ठोंब्या,’ असं म्हणत तिनं होकार दिला, आणि पुढं वीसेक वर्षं दुसराच निकाल खरा धरून संसार केला.

मग अक्काच्या पोटाचं मोठं ऑपरेशन निघालं. डॉक्टरांनी धोका स्पष्ट सांगितला होता. आत नेताना तिनं साडूंचा हात धरला. “बघायला आलात तव्हा मी कुठली साडी नेसले व्हते? एवढं सांगा, मग जाते.”

साडू छताच्या पंख्याकडं बघत म्हणाले, “हं.”

दार लागलं. मला इतका संताप आला की त्यांच्या शेजारी बसवेना. तरी चहा आणून दिला. दोन घोट झाल्यावर ते एकदम म्हणाले, “मोरपंखी. लाल काठाची. आणि बशीचा टवका उडाला होता हो! शेवटपर्यंत मी त्यावर अंगठा धरून होतो. म्हटलं, कुणाच्या नजरेला पडलं तर बोलणी तिलाच बसतील.”

कप हातात तसाच घेऊन ते बंद दारापाशी जाऊन उभे राहिले. पुन्हा हरवू नये म्हणून ओठांतल्या ओठांत “मोरपंखी, मोरपंखी” चाललं होतं. त्या माणसावर रागावणं मला मग जमलं नाही.

अक्का बाहेर आली ती गुंगीत. साडूंनी वाकून तिच्या कानात सगळं सांगितलं, अंगठ्यासकट.

अक्का म्हणाली, “हं.”

साडूंचा चेहरा इतका पडला की मला हसूही येईना.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा ते खाटेशेजारी पेपरात बुडालेले. अक्का जागी होती. पेपर धरलेल्या त्यांच्या अंगठ्याकडं ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “टवका दिसला व्हता, तर इतकी वर्षं बोलला का नाय?”

“हं,” साडू म्हणाले.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं हातानं मला थांबवलं. टाके सांभाळत ती हसत होती आणि डोळे भरून वाहत होते.

“ऱ्हाऊ द्या, पाव्हणं. येईल उत्तर. मला आता घाई नाय.”