सिंहांच्या पायाखालचा बैल

माझ्या उजव्या हातावर, मनगटाच्या चार बोटं वर, पंचवीस वर्षं एक काळपट डाग होता. नवीन माणूस विचारायचा, भाजलं का? मी हो म्हणायचो. भाजलेल्याला कोणी हसत नाही.

तो डाग म्हणजे झेंडा होता. एकोणिसाव्या वर्षी मी आणि माझा चुलतभाऊ सैन्यात जायची तयारी करत होतो. दोघं एका वयाचे, रोज पहाटे एकाच पांदीनं पळायचो. भरतीच्या आठ दिवस आधी गावच्या जत्रेत गोंदणारा बसला होता. मी म्हटलं, हातावर तिरंगा घेऊनच मैदानात उतरू, साहेबांना कळेल की पोरगं मनापासून आलं आहे. आधी मी बसलो. सुई चालू झाली, रक्त आलं, आणि मागे उभा असलेला चुलतभाऊ ‘पाणी पिऊन येतो’ म्हणून जो गेला तो थेट घरी. त्या माणसानं सकाळपासून सारी जत्रा एकाच सुईनं गोंदली होती. पाचव्या दिवशी माझा हात सुजला, आठव्या दिवशी पू आला. भरतीच्या मैदानावर पळण्यात मी दुसरा आलो. डॉक्टरनं बाही वर करायला लावली, एकदा पाहिलं आणि मला बाजूच्या रांगेत उभं केलं. ती घरी जाणाऱ्यांची रांग होती. पुढची भरती दोन वर्षांनी निघाली, तेव्हा वय बसलं नाही.

सुईला भ्यालेला सैन्यात गेला, न भ्यालेला गुरांच्या बाजारात दलाल झाला. हे मी विसरलो नाही, आणि विसरायचा विचारही नाही.

दलालीत मला कोणी बोट धरून आणलं नाही. बैलाचे दात पाहायला मी लाथा खाऊन शिकलो. आमच्या बाजारात भाव तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकायचा आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा. वर तोंडानं काहीही बोला, खरं काय ते दुपट्ट्याखाली. आपल्या हाताला काय कळलं हे चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही, एवढीच त्यातली विद्या. मला ती चांगली येते. राग मात्र लपवता येत नाही. दोन वेळा भर बाजारात दुपट्टा फेकून मी निघून गेलो आहे, आणि दोन्ही वेळा समोरचा मागून आला आहे.

चुलतभाऊ हवालदार होऊन निवृत्त झाला आणि गावी परत आला. तेव्हापासून शाळेतल्या झेंडावंदनाला त्याला माईक मिळतो. या सव्वीस जानेवारीला त्याला काय सुचलं कोण जाणे. पोरांना देशप्रेम म्हणजे काय ते सांगता सांगता त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं.

“हा माह्या भाऊ. झेंडा हातावर काढून भरतीले गेला अन् पू घेऊन वापस आला! पोरंहो, देश हातावर नाई, छातीत पायजे.”

सारी शाळा हसली. मास्तर हसले, सरपंच हसले. आपण स्वतः पाणी प्यायला म्हणून पळालो होतो, हे सांगायला मात्र तो विसरला. मी बाही खाली ओढली आणि चॉकलेट वाटायच्या आत फाटकाबाहेर पडलो.

घरी येऊन जेवता जेवता बायकोला सांगितलं, “डाग झाकतो. त्याच जागेवर नवीन झेंडा काढतो. पंधरा ऑगस्टले बाही वर करून त्याच्या म्होरं उभा राह्यतो.”

ती ज्वारी पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, “अजी, काढसान त काढा, पण झेंडा हातावर नका काढू. डावा हात कशाले लागते ते सांगू काय? अन् उजव्यानं तुमी आठवडाभर खोटं बोलता.”

“खोटं नाई वं. भाव म्हणतात त्याले.”

“मंग झेंड्याले भावात काऊन घेता?”

मी चिडून ताट बाजूला सारलं. ती खोटं बोलली असती तर एवढा चिडलो नसतो.

तरी चार दिवसांनी शेगावला गेलो. आधी महाराजांचं दर्शन घेतलं, मग टॅटूचं दुकान गाठलं. दुकान एका मुलीचं होतं, तिशीच्या आतली, हातात काळे मोजे. तिनं माझा डाग दिव्याखाली धरला आणि विचारलं, “काका, हे काय होतं?”

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी खरं सांगितलं. ती हसली नाही. सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडेन, म्हणाली. मग मोबाइलवर चित्रं दाखवली. फडकता झेंडा, नकाशा, बंदूक घेतलेला जवान. जवानाच्या चित्रावर माझं बोट थांबलं आणि लगेच मागे आलं. जे आपण झालो नाही ते हातावर कसं मिरवणार?

“झेंडाच काढा,” मी म्हटलं. तिनं दर सांगितला. मी सवयीनं निम्मा सांगितला.

ती म्हणाली, “काका, देशासाठी काढून राह्यले ना? मंग देशाचा भाव करता काय?”

टाळकं सरकलं. “मेहनत तुमची हाय, देश तुमचा एकटीचा नाई!” असं म्हणून मी चप्पल घातली आणि बाहेर पडलो. मागून हाक येईल म्हणून समोरच्या टपरीवर चहा घेऊन बसलो. हाक आली नाही. पोरगी पक्की होती.

टपरीसमोर एक सरकारी कचेरी होती. तिच्या भिंतीवर पेंटरनं भारताची राजमुद्रा चांगली पुरुषभर उंच रंगवली होती. ही मुद्रा मी जन्मभर पाहत आलो आहे, स्टँपपेपरवर, नोटेवर, आधार कार्डावर. दरवेळी नजर सिंहांवर जायची आणि तिथंच संपायची. त्या दिवशी हातात चहा होता, डोक्यात राग होता, आणि नजर सिंहांच्या पायाखाली गेली. मधे चाक. चाकाच्या एका अंगाला घोडा. दुसऱ्या अंगाला बैल.

मी उठून रस्ता ओलांडला. बैल पाहिला की मी तो बाजारातल्यासारखाच पाहतो, त्याला माझा इलाज नाही. वशिंड भरलेलं. मान जाड, पण शोभणारी. पुढचे पाय सरळ, खुरात खोट नाही. पेंटरनं शेपूट आखूड केली होती, तो त्याचा दोष. चाक आणि बैल, म्हणजे आमच्या शेतातली बैलबंडीच की ही! मला सैन्यातून परत पाठवायच्या कितीतरी आधी देशानं आमचा बैल मुद्रेवर घेतला होता आणि मला दलालाला ते चव्वेचाळिसाव्या वर्षी कळत होतं.

मी परत दुकानात गेलो. “झेंडा नको. हा बैल काढा,” म्हणून भिंतीकडे बोट केलं. “सिंह नको, चाक नको, सरकारची मुद्रा वापरली असं नको व्हायले. फक्त बैल. शेपूट मी सांगतो तेवढी.”

तिनं दारात येऊन पाहिलं. मग म्हणाली, “काढते. पण काका, एक सांगू? झेंडा असता त लोकायले लगेच समजलं असतं. हा पाहून कोनी देश म्हणनार नाई. बैलाचा धंदा म्हणतील.”

तिनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. मी आलो होतो ते चुलतभावाला दाखवायला. ज्यातून त्याला काहीच दिसणार नाही असं चित्र हातावर घेऊन जायचं, तर मग कशासाठी? मी खुर्चीत बसून जुना डाग दिव्याखाली धरला. मग मला त्या जत्रेतली माझीच अक्कल आठवली. साहेबांनी पाहावं म्हणून काढलेला झेंडा पिकला होता.

“म्हणू द्या,” मी म्हटलं. “कोनी इचारलं त सांगीन.”

दराचं पुन्हा काढलं नाही. तीन तास लागले. जुन्या डागाचा काळेपणा तिनं बैलाच्या वशिंडात आणि खांद्यात मुरवला, तिथंच अंग भरलेलं दिसतं. या वेळी हात सुजला नाही.

घरी बायकोनं हात उलटसुलट करून पाहिला. “आता या हातानं भाव करसान?”

“करीन. पण दात चोरनार नाई.” म्हणजे म्हातारा बैल तरुण म्हणून विकणार नाही. भाव हा भाव आहे, पण वय आणि खोड जनावरासोबत खरी सांगायची. बाजारात हे कळायला महिना लागला. दुसरे दलाल म्हणाले, गोंदल्यापासून येडा झाला. मी शिव्या देऊन मोकळा झालो.

पोळ्याच्या आधी, जुलैत, चुलतभाऊ स्वतः बाजारात आला. त्याला पेरणीत जोडीतला एक बैल कमी पडला होता. माझ्या हातावर नजर जाताच तो मोठ्यानं हसला.

“काय बे, दुकानाची पाटी हातावरच काढली?”

आजूबाजूचे वळले. डोकं तापलं. हा सुईला भिऊन पाणी प्यायला गेला होता हे आत्ता सांगावं, भर बाजारात, असं ओठांपर्यंत आलं. पण मी त्याच्यासमोर हात धरला.

“तुह्या घरी निवृत्तीचं प्रमाणपत्र हाय ना काचेत? घरी जाय. सिंहायच्या पायाखाली कोन उभा हाय ते पाह्य. मंग बोल.”

मग मी दुपट्टा टाकला. त्याची बोटं माझ्या हातात आली, सैन्यातली, कडक. ज्या बैलावर त्याचा डोळा होता त्याच्या मागच्या डाव्या खुरात खोट होती. ती मी उघड सांगितली, आणि दुसरा बैल दाखवून भावात एक बोटही कमी केलं नाही. त्यानं तो घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. “पाह्यलं,” एवढंच म्हणाला आणि ठेवला.

पंधरा ऑगस्टला मी बाही दुमडून शाळेत गेलो आणि पुढच्या रांगेत उभा राहिलो. चुलतभावानं माईक घेतला, माझ्या हाताकडे पाहिलं, आणि जत्रेची गोष्ट न काढता भाषण संपवलं. माफी मागितली नाही. मी वाटही पाहिली नाही, असं म्हणालो तर ते खोटं होईल.

झेंडावंदन झाल्यावर शेजारच्या गावचा एक माणूस माझ्याकडे आला. हाताकडे पाहत म्हणाला, “भाऊ, बैलाचे दलाल ना तुमी? मले एक जोडी पायजे होती. आत्ताच बोलून घेऊ काय?”

उभ्या जन्मात मी आलेलं गिऱ्हाईक वापस केलं नव्हतं.

“आज नाई,” मी म्हटलं. “बाजाराच्या दिवशी या. आज मी दलाल म्हणून नाई आलो.”

तो बैलाकडे पाहत राहिला. त्याला कळलं नव्हतं. मी हात पुढे केला आणि सांगायला सुरुवात केली.