आधीच येऊन गेलेले हंस

या सदरातले गूढ अनुभव मी नेहमी वाचते... पण खरं सांगायचं तर जेवताना, वेळ जावा म्हणून. त्यातला एकही मला कधी खरा वाटलेला नाही. माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली आहे. रक्त काढायचं, मशीनला लावायचं, रिपोर्टमध्ये येईल ते मानायचं. घरात कुणी दृष्ट काढायला लागलं तरी मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. त्यामुळे हे लिहायला बसले आहे याचं मलाच नवल वाटतंय. पण ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी एक तर हसून सोडून दिलं, नाही तर देवाधर्माकडे नेलं. मला दोन्ही नको आहे.

आम्ही संभाजीनगरला उस्मानपुऱ्यात राहतो. नवऱ्याची नोकरी पुण्याला, महिन्यातून एखाद-दोनदा येतात. घरी मी आणि सासूबाई. ज्या वर्षीची ही गोष्ट आहे, त्या वर्षी सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं होतं. त्यांचं सगळं अंथरुणातच. सकाळी त्यांचं आवरून लॅब, लॅबमध्ये दिवसभर उभं, परत आले की पुन्हा त्यांचं. रविवारी एक मावशी येऊन बसायच्या तेवढी सुटका. त्या सुटकेत मला फक्त झोपायचं असायचं.

त्याआधी मात्र कितीतरी वर्षं माझे थंडीतले रविवार पक्ष्यांचे होते. ते वेड मला लावलं माझ्या मैत्रिणीनं, नसरीननं. ती छावणी भागात राहते, भावाच्या कुटुंबासोबत. ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवायची. लग्न केलं नाही. कॉलेजच्या मुलांना ती जायकवाडी धरणावर पक्षी दाखवायला न्यायची, एकदा मी सहज सोबत गेले आणि मग आम्ही दोघीच जायला लागलो. आमच्या मराठवाड्याला समुद्र नाही, पण पावसाळा संपल्यावर त्या धरणाच्या, नाथसागराच्या काठावर उभं राहिलं की पलीकडचा किनारा दिसत नाही... आम्ही त्यालाच समुद्र म्हणायचो. दसरा झाला की उत्तरेकडून पाहुणे यायला लागतात. आधी धोबी पक्षी, मग बदकं, चक्रवाक आणि दिवाळीनंतर पट्टकादंब. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले ते राखाडी हंस हिमालय ओलांडून येतात. नसरीनचे कान इतके तिखट होते की मी दुर्बीण डोळ्याला लावायच्या आत ती आवाजावरून पक्ष्याचं नाव सांगायची.

तिला शुगर होती. लहान वयातच लागलेली. ती डोळ्यांत उतरली. लेझर झालं, डोळ्यात इंजेक्शनं झाली, आणि शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की उजवा गेला, डाव्याला उजेड-अंधार कळेल तेवढाच, याहून जास्त आता होणार नाही. नोकरी सोडावी लागली. सुरुवातीला मी जायचे तिच्याकडे. मग सासूबाई पडल्या आणि फोनवरच बोलणं व्हायला लागलं. ती फोनवर बरी बोलायची.

दिवाळी नुकतीच झाली होती. तिचा भाऊ सलीमभाई लॅबमध्ये आला. त्याचं छावणीत इलेक्ट्रिकचं दुकान आहे, मोजकं बोलणारा माणूस. काउंटरवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "ताई, आपा इन्सुलिन लेती तो लेती, नै तो नै. खाती बी नै. बोलती, अब किस के वास्ते." घरातल्या सगळ्यांनी सांगून झालं होतं. तो एवढंच म्हणाला की तुम्ही एकदा तिला पाण्यावर घेऊन जा.

मी हो म्हटलं. पण मनातून मला जायचं नव्हतं. घरात एक माणूस अंथरुणात, आता हिलाही सांभाळायचं... असंच वाटलं होतं मला तेव्हा.

रविवारी सकाळी तिला गाडीत घेतलं. सलीमभाईनं इन्सुलिनचं पेन बर्फाच्या पिशवीत घालून ग्लुकोमीटरसोबत माझ्याकडे दिलं. नसरीन खूप वाळली होती, ड्रेस खांद्यावरून ओघळत होता. पैठण रोडनं बिडकीन मागे टाकेपर्यंत ती खिडकीला डोकं टेकून होती. आमची नेहमीची जागा म्हणजे मेन रोड सोडून आत गेल्यावर एका गावाच्या मागचा काठ. कपाशीच्या शेतांतून कच्चा रस्ता, शेवटी बाभळीची रांग आणि मग पाणी. गाडी बाभळींच्या अलीकडे लावावी लागते. तिचा हात धरून काठापर्यंत नेलं, चटई टाकली. आकाश निरभ्र होतं, धुकं नाही, ऊन नुकतंच चढायला लागलेलं. थोड्या अंतरावर एक म्हातारेबुवा म्हशी घेऊन उभे होते. बाकी कुणी नव्हतं.

"काय काय आहे?" तिनं विचारलं.

मी दुर्बीण फिरवली. शेकाटे होते, खुंटावर पाणकावळे, आत लांब बरेचसे वारकरी पक्षी. एवढं सांगितलं. आधीसारखं रंगवून सांगायचं माझ्यात त्राण नव्हतं. ती म्हणाली, हंस नाही का आले? मी म्हटलं, नाही अजून. मला डुलकी येत होती, खोटं कशाला सांगू.

"आले," नसरीन म्हणाली.

मी दचकून वर पाहिलं. काही नव्हतं. तिनं चेहरा बाभळींच्या दिशेनं वर केला होता आणि तिची नजर, म्हणजे ते डोळे, काहीतरी सरकतंय त्यामागून जावेत तसे हळूहळू सरकत होते.

"बाभळींवरून येतायत. रांग तुटलीय गं त्यांची, मधे केवढी फट पडलीय. आणि शेवटचा बघ, सगळ्यांच्या खालून उडतोय. पाय लोंबतोय त्याचा. डावा. दिसला?"

मी "हं" म्हटलं. आजारी माणसाला म्हणतो तसं.

ती सांगतच राहिली. आवाजात घाई नव्हती, वर्गात शिकवताना बोलायची तशीच बोलत होती. हंस पाण्यावरून एक मोठी फेरी घेऊन वळले. मग उतरले, त्या पलीकडच्या गवताच्या बेटाजवळ. पाय लोंबणाऱ्याला नीट उतरता आलं नाही, तो छातीवर आपटला. बाकीचे पोहत पुढे निघून गेले, एकच हंस त्याच्याजवळ थांबला... मी प्रत्येक वाक्याला दुर्बीण फिरवून पाहत होते. बेटाजवळ पाणी होतं, दुसरं काही नाही. आणि आवाज तर मुळीच नाही. हे हंस उडताना गप्प राहत नाहीत, भोंग्यासारखे ओरडत येतात.

मला पहिली शंका आली ती शुगर उतरल्याची. शुगर फार उतरली की माणूस असंबद्ध बोलतो, हे मी रोज बघते. पिशवीतलं ग्लुकोमीटर काढून तिच्या बोटाला टोचलं. तिनं निमूटपणे बोट दिलं. शुगर उतरलेली नव्हती, उलट वाढलेली होती. इतके दिवस औषध धड नाही म्हटल्यावर वाढणारच. पण एवढ्यावर माणूस बरळत नाही.

नसरीनच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. बऱ्याच वेळानं म्हणाली, "पोचला ना तो. तसा पाय घेऊन, इतक्या लांबनं." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "शुभा, भूक लागली मला. खायला आणलंस का काही? ते पेन दे आधी."

तिनं स्वतःच्या हातानं, चाचपत, पोटाला इंजेक्शन घेतलं. माझ्या डब्यात पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. ती जेवली. मी नुसती बघत बसले. आतून मला एकदम मोकळं वाटलं होतं. म्हटलं, भास तर भास, बाई जेवली ना.

इथपर्यंत काही विशेष नाही. इथं संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

ऊन तापायला लागलं तसं आम्ही उठलो. चटई माझ्या खांद्यावर, नसरीनचा हात माझ्या हातात. ती भाचीच्या दाताला लावलेल्या तारेबद्दल काहीतरी सांगत होती. बाभळींपाशी पोचता पोचता मला आवाज आला. भोंग्यासारखा, एकामागून एक, जवळ येत जाणारा. मी थांबले.

ते बाभळींवरून आले. रांग तुटलेली होती, मधे मोठी फट. शेवटचा सगळ्यांच्या खालून उडत होता आणि त्याचा डावा पाय दोरीसारखा लोंबत होता. आमच्या डोक्यावरून इतक्या खालून गेले की पंखांचा आवाजही ऐकू आला. पाण्यावर त्यांनी मोठी फेरी घेतली. वळले. गवताच्या बेटाजवळ उतरले. शेवटचा छातीवर आपटला, पाणी उडालं. बाकीचे पुढे गेले. एक थांबला.

मला घाम फुटला, अंगावर काटा आला, असं काही लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तसं झालं नाही. मला फक्त खाली मातीत बसावंसं वाटलं. वाटलं, आता हेही... माझ्यात आता आणखी काही समजून घ्यायची ताकद उरली नव्हती.

आणि नसरीन दाताच्या तारेबद्दलच बोलत होती. मधे न थांबता, आवाज न चढवता. डोक्यावर एवढा कल्लोळ चाललेला आणि तिच्या चेहऱ्यावर त्याची खूणही नाही. हिचे कान मला माहीत होते. मी कसंबसं विचारलं, "नसरीन, तुला काही ऐकू येतंय का?"

ती थांबली. मान तिरकी करून ऐकलं. "पाण्याची मोटार चालू आहे कुठंतरी. लई लांब. का गं?"

तेवढ्यात म्हशीवाले बुवा वर बघत, आमच्याकडे हात करून म्हणाले, "आली बघा बाई पाखरं. औंदा लवकर आली."

त्यांचा आवाज तिला ऐकू आला. ती हसली. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "हा आत्ता सांगतोय. ते कधीचेच आलेत."

गाडीत बसवलं तिला, दार लावलं. मागे वळून पाहिलं तर हंस बेटाजवळ होते. म्हणजे होतेच. बुवांनीही पाहिले, मीही पाहिले.

नंतर एकदा तिला तपासणीला घेऊन गेले तेव्हा तिला बाहेर बसवून डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलले. ते शांतपणे म्हणाले की दृष्टी गेल्यावर मेंदू स्वतःच चित्रं तयार करतो, बऱ्याच पेशंटना अगदी स्पष्ट दिसतं, घाबरण्यासारखं काही नाही. मी म्हटलं, ते पटलं. पण मग तो लोंबणारा पाय? डावाच पाय? छातीवर आपटणं? आणि नंतरचं तिला ऐकू न येणं? ते म्हणाले, योगायोग असतो मॅडम, तुम्हीही थकलेल्या होतात. आणि बेल वाजवून पुढच्या पेशंटला बोलावलं. त्यांचंही बरोबर होतं. मी थकलेलीच होते. पण थकलेल्या माणसाला जे आधीच सांगितलंय तेच नंतर कसं दिसेल, आणि शेजारच्या म्हशीवाल्यालाही कसं दिसेल, हे मला त्यांना विचारता आलं नाही.

त्या दिवसापासून नसरीननं इन्सुलिन चुकवलं नाही. मोबाइल बोलून दाखवतो ते ॲप शिकली, छावणीतल्या मुलांना तोंडी बायोलॉजी शिकवते. सासूबाई आता वॉकर घेऊन चालतात. नसरीन आणि मी दर वर्षी दिवाळीनंतर त्याच काठावर जातो. हंस येतात. तिला ते आता माझ्याआधी ऐकू येतात, पूर्वी यायचे तसेच, आणि ती आवाजाच्या दिशेनं हात करते. दिसत काही नाही तिला. ते पुन्हा कधीच झालं नाही. त्या एका सकाळी ती काळाच्या थोडी पुढं जाऊन आली, की मीच कुठंतरी मागे राहिले होते... मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. उत्तर नाही. कुणाकडे असेल तर जरूर कळवा. मात्र उपाय सांगू नका.

तिला मी हे सांगितलेलं नाही. तिच्या लेखी त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून हंस पाहिले, शेवटचे. ते मी तिच्याकडून काढून घेणार नाही.

गेल्या दिवाळीनंतर परत येताना गाडीत तिनं अचानक विचारलं, "शुभा, त्या दिवशी काठावरून निघताना तू माझा हात किती जोरात धरला होतास गं? घरी गेल्यावर वळ उठले होते. सलीमनं पाहिले."

मी म्हटलं, "वाट खराब होती."

"हौ," ती म्हणाली, आणि खिडकीची काच खाली केली.