न जेवलेला साक्षीदार

मंगळवार पेठेत प्रभुलिंग तेली हा माणूस तेलाच्या दुकानासाठी जेवढा ओळखला जायचा, त्याच्या दुप्पट जेवणासाठी ओळखला जायचा. लग्न असो, बारसं असो, वास्तुशांत असो, नाहीतर कुणाच्या म्हशीला रेडी झाली म्हणून केलेला शिरा असो, प्रभुअण्णा सायकलवरून हजर. घर लिंगायताचं, त्यामुळे मटणाला शिवायचं नाही, पण शाकाहारात त्यांनी मागं काही शिल्लक ठेवलेलं नव्हतं. कुरुंदवाडच्या एका लग्नात ते दुसऱ्यांदा पंगतीला बसले तेव्हा आचाऱ्यानं येऊन त्यांना नमस्कार केला होता आणि जिलेबीचं पातेलं झाकून नेलं होतं. अण्णांना त्याचा राग आला नाही. झाकायच्या आत त्यांचं काम झालेलं होतं.

अशा माणसानं पाच वर्षांहून जास्त परक्या घरच्या अन्नाला हात लावला नाही, असं मी सांगितलं तर बाहेरचे लोक हसतात. हसू देत. मी त्या काळात पंगतींना त्यांच्या शेजारी बसलेला माणूस आहे, मला माहीत आहे त्यांच्या जिवाचं काय होत होतं ते.

सत्त्याण्णव सालच्या थंडीत कृष्णात गेला. कृष्णात आमच्या पेठेतला दूधवाला. सायकलला दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या अडकवून रोज सकाळी रंकाळ्याकडच्या घरांना रतीब घालायचा. रस्त्याच्या डाव्या कडेनं, इतक्या कडेनं जायचा की पेठेतली पोरं म्हणायची, याला गटारीचा पास काढून द्या. आणि राजवीर म्हणजे आमच्या पेठेतले पुढारी बाळासो, त्यांचा मुलगा. या पोराला जीप चालवायला कुणी शिकवलंच नव्हतं, नुसती पळवायला शिकवली होती. गाडीला हॉर्न तीन आणि ते तिन्ही एकदम वाजायचे. ब्रेकचा उपयोग त्याला फक्त पानपट्टीसमोर व्हायचा.

त्या सकाळी जीपनं कृष्णातला मागून उडवलं. सायकल एकीकडे, कृष्णात एकीकडे, आणि दूध रस्त्याच्या उतारानं वाहत गेलं. जीप थांबली नाही. समोरच मिसळीच्या गाडीवर आमच्या पेठेतले चार जण खात उभे होते, त्यांत तालमीचे सयाजी वस्ताद होते आणि अर्थातच प्रभुअण्णा होते. चारही जणांनी पोलिसांना एकच हकिगत सांगितली. राजवीरला सगळ्यांनी स्टिअरिंगवर बघितलं होतं.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. पुढं बाळासोंनी स्वयंपाकघराकडून काम सुरू केलं. त्यांचं सगळं राजकारण तिथूनच चालायचं. भांडण कसलंही असो, बांधाचं, बोळाचं, नळाचं, त्यावर तांबडा-पांढरा रस्सा ओतला की ते मिटतं, असा त्यांचा अनुभव होता आणि कोल्हापुरात तो खोटा ठरायचं काही कारण नव्हतं. आता तर निमित्तही घरचंच मिळालं. पोरगं त्या जीपमधून न खरचटता परत आलं म्हणून त्याच्या आईनं म्हसोबाला बोकड बोललेला होता. एका घरात सुतक आणि दुसऱ्या घरात त्याच अपघाताचा नवस. लाज नावाची गोष्ट बाजारात मिळत नाही, नाहीतर बाळासोंना परवडली असती.

तालमीच्या पटांगणात पंगत बसली. नवसाचा प्रसाद, नाही कसं म्हणायचं, असं म्हणत सगळे साक्षीदार जेवायला गेले. प्रभुअण्णाही गेले. आमंत्रण आलं आणि अण्णा गेले नाहीत, असं कधी झालेलं नव्हतं, आणि बोलावलंय म्हणजे आपलं वेगळं केलं असेल, असा त्यांचा साधा हिशोब. ताट मांडून बसले. वस्ताद वाटी भरून तांबडा रस्सा घेऊन आले तेव्हा अण्णांनी ताटावर हात आडवा धरला आणि सगळ्यांना एकदम आठवलं की अण्णा लिंगायत आहेत. शाकाहारी काहीच केलेलं नव्हतं. भातावरसुद्धा पांढरा रस्सा पडलेला. कुणी केळी आणायला पळालं, कुणी म्हणालं दही बघा. तेवढ्यात अण्णा उठले. भरल्या पंगतीतून उपाशी उठायची त्यांच्या आयुष्यातली ती पहिली वेळ होती, आणि घरापर्यंत ते कुणाशी बोलले नाहीत.

घरी आल्यावर मात्र बोलले, आणि भरपूर बोलले. त्यांची बायको शिवलीला, बेळगावकडची, फार कमी बोलणारी आणि बोलली तर खिळा ठोकणारी बाई. तिनं सगळं ऐकून घेतलं, गरम भाकरी वाढली आणि म्हणाली, "बरं झालं. बाकीची समदी बांधली गेली. तुमी एकलं मोकळं ऱ्हायला."

अण्णांना ते तेव्हा कळलं नाही. दुसऱ्या दिवशीपासून कळायला लागलं. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे पोळीच्या बाबतीत खरं असेल तर बोकडाच्या बाबतीत किती असेल. एका साक्षीदाराला आठवलं की त्या दिवशी दाट धुकं होतं. दुसऱ्याला आठवलं की समोरून डोळ्यांवर ऊन येत होतं. दोघं एकाच मिसळीच्या गाडीवर, एकाच वेळी, शेजारी शेजारी उभे होते. वस्ताद म्हणाले, मी कान कोरत होतो. बाळासो सांगायला लागले, जीप कुठून आली, राजवीर तर त्या दिवशी मुरगूडला आत्याकडं होता. आणि हळूहळू पेठेत एक गोष्ट पसरली की कृष्णात पहाटे उठून दमलेला, सायकलवरच त्याला डुलकी लागली आणि तो दगडावर पडला.

ती गोष्ट ऐकून कृष्णातची बायको चिमणाबाई अण्णांच्या दुकानात आली. तेल घ्यायला आली नव्हती.

"अण्णा, माझा मालक झोपंत पडून मेला न्हाई," ती म्हणाली. "एवढं एक कोर्टात बोला. मग त्या पोराला सोडूंदेत न्हाईतर आत घालूंदेत."

अण्णा काही शूर नव्हते. बाळासोंना घाबरायचे, झुरळालाही घाबरायचे. पण ते चिमणाबाईला 'वहिनी, बोलतो' असं म्हणाले, आणि शिवलीलाबाई आत उभ्या राहून ऐकत होत्या, त्यामुळे परत फिरायची वाट बंद झाली.

बाळासोंना आपली चूक उमगली. माणूस फुटला तो ताटामुळं, तेव्हा ताटानंच जोडायचा, असं त्यांनी ठरवलं. पुरणपोळ्यांची टोपली आली, वर तुपाची वाटी, सोबत कटाची आमटी. अण्णांनी नुसता वास घेतला आणि डोळे मिटले. शिवलीलाबाईंनी माहेरच्या कानडीत 'ब्याड', म्हणजे नको, एवढंच म्हणून टोपली होती तशी परत पाठवली. पेढे आले, परत गेले. मग श्रीखंड आलं. श्रीखंड परत जाताना अण्णा दुकानाच्या पायरीपर्यंत त्याच्या मागं गेले होते, हे मी स्वतः पाहिलं.

त्यानंतर अण्णांना संशयाचा आजारच लागला. पेठेतलं कुठलं जेवण बाळासोंच्या पैशानं झालंय आणि कुठलं नाही, हे सांगणार कोण? म्हणून त्यांनी सगळंच सोडलं. लग्नाला यायचे, नवरानवरीवर अक्षता टाकायचे, पंगतीत बसायचे आणि पिशवीतून आपला डबा काढायचे. भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. शेजारी माझ्या ताटात बासुंदी. वाढपी मुद्दाम त्यांच्यासमोर रेंगाळायचे. कुणी म्हणायचं, अण्णा, हे पाणी महानगरपालिकेचं हाय, प्या बिनधास्त. सख्ख्या मेहुण्याकडं हुग्गी, म्हणजे खपली गव्हाची गुळातली खीर केलेली, तर यांनी गूळ कुठल्या दुकानातून आणला ते विचारलं. मेहुणा दोन वर्षं बोलत नव्हता. पोट ओसरलं, सदरे ढगळ झाले, आणि सायकलवर ते इतके हलके दिसायला लागले की वारा आला तर उतरून चालायचे.

पेठेनं त्यांची यथेच्छ टिंगल केली. मीही केली. पण चिमणाबाई पेठेतून जाताना लोक खाली बघायचे, आणि अण्णा तेवढे मान वर करून 'काय वहिनी' म्हणायचे. कोर्टाच्या तारखा पडत गेल्या आणि डबा चालू राहिला.

शेवटी दोन हजार दोन साली साक्षी झाल्या. न्यायाधीशबाई चंद्रपूरकडच्या, नुकत्याच बदलून आलेल्या. धुकंवाला धुकं सांगून गेला, ऊनवाला ऊन. वस्तादांनी कानाची हकिगत सांगितली. मग अण्णा उभे राहिले आणि जे पाहिलं ते त्यांनी सांगितलं. बाळासोंचे वकील उलटतपासणीला उठले. वकील अस्सल कोल्हापूरचे. त्यांच्या मते खटल्याची किल्ली त्यांच्या खिशातच होती.

"तालमीतल्या पंगतीत तुम्हाला जेवायला वाढलं नाही," ते म्हणाले. "तुमचा अपमान झाला. त्या रागानं तुम्ही खोटी साक्ष देताय, खरं की नाही?"

"राग हाय की," अण्णा म्हणाले. "अजून हाय. साक्ष खरी हाय."

वकील समाधानानं खाली बसले. मागं बसलेल्या आमच्या पेठेनंही माना हलवल्या. भर पंगतीत वाढलं नाही म्हणजे वैराला दुसरं कारण कशाला हवं, यात आम्हाला कुणालाच काही विचित्र वाटलं नाही. चंद्रपूरच्या बाईंना वाटलं.

"ही पंगत कसली?" त्यांनी विचारलं.

"नवसाची," वकील बसल्या बसल्याच म्हणाले, आणि मग त्यांचा चेहरा बदलला.

"कसला नवस?"

वकील उठून उभे राहिले, पण प्रश्न अण्णांना होता. अण्णांनी सांगून टाकलं. कृष्णात मेला त्या दिवशी राजवीर जीपमधून जिवंत घरी आला, म्हणून त्याच्या आईनं बोकड दिला. बाईंनी कागद चाळले. आरोपी तर त्या दिवशी मुरगूडला होता ना, असं त्यांनी विचारलं.

"बाईसायेब, मुरगूडला आत्याच्या घरात बसून मरायचं काय भ्या असतंय?" अण्णा म्हणाले.

"आणि त्या पंगतीला कोण कोण जेवलं?"

अण्णांनी बाकाकडं पाहिलं. तिथं धुकं, ऊन आणि कान ओळीनं बसले होते.

"मी सोडून समदी," ते म्हणाले.

पुढच्या महिन्यात निकाल लागला. शिक्षा झाली एका वर्षाची, आणि अपिलासाठी त्याच दिवशी जामीनही झाला. मला आजही त्याचा संताप येतो. माणसाच्या जिवाला एक वर्ष, तेही उधार. अण्णांनी फक्त अपील हा शब्द ऐकला आणि त्यांचं तोंड उतरलं, कारण अपील म्हणजे डबा अजून चालू. चिमणाबाईनं मात्र सरकारी वकिलांना निकालातलं एकच वाक्य दोनदा वाचायला लावलं. मयत रस्त्याच्या डाव्या कडेनं सावधपणे जात होता. 'सावधपणे' म्हणजे जागा व्हता न्हवं, असं तिनं विचारलं, आणि वकील हो म्हणाल्यावर पदर डोळ्यांना लावला.

कोर्टातून घरी निघताना अण्णांनी तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं. बिंदू चौक ओलांडून मिरजकर तिकटीच्या अलीकडं आले तेव्हा मागून तिन्ही हॉर्न एकदम वाजले. जामिनावर सुटलेला राजवीर स्वतःच जीप चालवत घरी निघाला होता. अण्णा दचकून आणखी कडेला सरकले. तेवढ्यात समोरून सयाजी वस्ताद आले. त्यांनी दोघांकडं पाहिलं, मग सायकलच्या बाजूनं पुढं जाऊन रस्त्याच्या मधोमध जीपसमोर उभे राहिले. पहिलवानी देह, त्याला हलवायचं म्हणजे आणखी एक नवस लागला असता. मग जीपकडं पाठ फिरवून ते सायकलच्या मागं सावकाश चालायला लागले. जीप त्यांच्या मागं. दुकानांतून माणसं बाहेर आली. हॉर्न पुन्हा वाजला नाही.

अण्णांनी मागं वळून जीप बघितली. ते जोरात पायडल मारायला लागले, तशी चिमणाबाई मागून म्हणाली, "अण्णा, सावकाश चालवा. येऊंदेत मागनं. आपल्याला काय घाई न्हाई."