फिरती खुर्ची आणि डावा कान

उस्मानपुऱ्यातल्या दुकानात ती प्रथम पाहिली, तेव्हा ती खुर्ची आहे हे ओळखायलाच मला क्षणभर वेळ लागला. तिला पाय नव्हते. हात कुठे संपतो आणि पाठ कुठे सुरू होते, तेही कळत नव्हते. ओल्या मातीवरून तळवा फिरवावा तशी एकच वळणदार रेषा, वर सायीच्या रंगाचे लोकरी कापड आणि तळाशी दडवलेली चकती, जिच्यावर ती निःशब्द गोल फिरे. हिच्यात बसले की कविता येईलच, अशी माझी खात्री झाली आणि मी ती घरी आणली. महिनाभर मी खिडकीकडून भिंतीकडे आणि भिंतीकडून खिडकीकडे फिरले. कविता आली नाही, गरगरले मात्र.

मग गंगापूरहून वडील, म्हणजे आमचे दादा, आले. दादा हल्ली आमच्याकडे टिकत नसत. चार माणसांत गप्प बसत आणि संध्याकाळच्या एसटीने परतत. या खेपेला त्यांनी मुक्काम करावा, एवढेच मला हवे होते. मानाची जागा म्हणून मी ती खुर्ची पुढे केली.

तिच्याभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारले, "हिचं तोंड कुणीकडं हाय, माय?"

"तुम्ही वळाल तिकडे, दादा."

ते बसले. कुणी बोलू लागले की ते पायाच्या अंगठ्याने फरशी रेटत आणि तोंड भलतीकडेच करून बसत. वडिलांना त्या शिल्पासारख्या खुर्चीचे मर्म उमगले म्हणून मी सुखावले. शेवटी नवऱ्यानेच हळू विचारले, "दादा, डाव्या कानानं ऐकू येत नाही का?"

"दोन वर्सं झाली. आता ह्या खुर्चीनं बरं झालं, उजवा कान फिरवता येतोय. ही पोरगी तर कायम माझ्या डाव्या अंगाला बसती."

दवाचा नादही टिपणारी कवयित्री म्हणून जिचे कौतुक होते, ती मी. जेवताना डावीकडे बसून मी त्यांना किती कविता ऐकवल्या होत्या! प्रत्येकीला त्यांनी "झ्याक" म्हटले होते. माझ्या कवितेला मिळालेली सर्वांत निखळ दाद बहिऱ्या कानाची होती.

त्यांनी खुर्ची वळवली, उजवा कान माझ्यासमोर आणला. "वाच आता."

माझी सर्वांत लाडकी कविता मी वाचली. त्यांचा अंगठा फरशीवर स्थिर होता. एसटीची वेळ टळून गेली.

"लई लांबलंय गं," ते म्हणाले. "मधलं काढ. अन् उद्याच्याला दुसरी वाच."