दुसऱ्या एंडची बॉलर

आम्ही दोघी मिळून नवा चेंडू टाकायचो. नेरुळच्या मैदानावर ती झाडांच्या बाजूने, मी रस्त्याच्या बाजूने. ती माझ्यापेक्षा वेगवान होती आणि हे मान्य करायला मला कधी जड गेलं नाही, कारण ते डोळ्यांना दिसत होतं. माझा चेंडू खेळून झाला की समोरची बॅटर पुढच्या चेंडूसाठी सरळ उभी राहायची. तिचा चेंडू खेळून झाला की आधी हात झटकायची.

मी उरणची, मोऱ्याच्या कोळीवाड्यातली. वडील कंटेनर यार्डात क्रेनवर असतात. ती पावण्याची. तिचे आईवडील मराठवाड्यातून आलेले, वडील ती लहान असतानाच गेले, आणि आईने पावण्याच्या कारखान्यांमध्ये पॅकिंगचं काम करून तिला वाढवलं. आमची गाठ पडली ती मुंबईच्या मुलींच्या संघात. नवी मुंबईच्या आम्ही दोघीच होतो, त्यामुळे एकमेकींना धरून राहिलो. बूट एकमेकींचे घालून बघायचे, डबा वाटून खायचा, आणि मॅचमध्ये एकीने एका बाजूने दाबून धरायचं म्हणजे दुसरीला विकेट मिळते. विकेट बहुतेक वेळा तिलाच मिळायची. दाबून धरायचं काम माझं.

तिची पाठ दुखते हे मला कळलं एका सरावानंतर. आम्ही झाडाखाली बसलो होतो. मी बूट काढून पाय पसरले होते, ती तशीच बसून होती. मग म्हणाली, "जरा माझी लेस सोड ना."

मला वाटलं मस्करी करते. तिच्या तोंडाकडे बघितलं तर कपाळावर घाम होता, आणि तो पळण्याचा घाम नव्हता. मी लेस सोडली, बूट काढला, मोजाही काढला.

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून. डाव्या बाजूला खाली. बॉल सुटताना सुई टोचल्यासारखं होतं. नंतर जातं."

"फिजिओला सांग."

"सांगितलं की बसवतील. बसवलं की दुसरी येईल." ती माझ्याकडे बघत होती. "दुसरी म्हणजे तूच."

यात राग नव्हता. हवामान सांगावं तसं तिने सांगितलं. पण त्या एका वाक्याने माझं तोंड बंद झालं. मी कुणाला काही सांगितलं असतं तर ते तिच्या पाठीसाठी की माझ्या जागेसाठी, हे कुणी ठरवायचं? मला स्वतःलाही ते नीट सांगता आलं नसतं. तरी मी तिला ओढून कोपरखैरण्याच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक्स-रे बघितला, त्यात काही दिसत नाही म्हणाले, एमआरआय काढा म्हणाले, आणि तोवर बॉलिंग पूर्ण बंद. बाहेर आल्यावर तिने एक्स-रेचं पाकीट घडी करून बॅगेत खाली सारलं.

"काही दिसत नाही म्हणाले ना? झालं तर मग."

त्याच हिवाळ्यात निवड समितीची माणसं आमची मॅच बघायला आली. भारताच्या संघाला तेव्हा वेगवान बॉलर हव्या होत्या. टीव्हीवर, पेपरात, सगळीकडे तेच चाललं होतं की आपल्या मुलींकडे वेग नाही, परदेशी खेळपट्ट्यांवर आपण मार खातो. त्या दिवशी तिने जे टाकलं तसं मी तिला आधी कधी टाकताना बघितलं नव्हतं आणि नंतर तर प्रश्नच नव्हता. समोरच्या संघाची ओपनर बोटाला चेंडू लागून बाहेर गेली. एका मुलीचा स्टंप मागे जाऊन कीपरच्या पायाशी पडला. मी दुसऱ्या बाजूने टाकत होते आणि तिच्या षटकात बॅटरच्या मागे, स्लिपमध्ये उभी असायचे, त्यामुळे मला समोरून तिचा चेहरा दिसत होता. चेंडू सुटताना दर वेळी ती डोळे घट्ट मिटायची.

पाणी प्यायला मी सीमारेषेजवळ गेले तेव्हा निवड समितीतल्या एक बाई शेजारच्या गृहस्थांना सांगत होत्या, "वेग शिकवता येत नाही. बाकी सगळं शिकवता येतं."

"आणि ही दुसरी?" त्यांनी विचारलं. मी तिथेच उभी आहे हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

"ती शिस्तीची आहे. तिला स्टँडबायला ठेवू."

इंग्लंडच्या दौऱ्यासाठी संघ जाहीर झाला. त्यात ती होती, आणि राखीव खेळाडूंमध्ये मी, म्हणजे बोलावलं तरच जायचं. पावण्यात त्यांच्या चाळीसमोर बॅनर लागला. माझे वडील फोनवर एवढंच म्हणाले, "राखीव तं राखीव. पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का तं पडंल." जाण्यापूर्वी तिची तपासणी झाली. वाकून दाखव म्हणाले, तिने वाकून दाखवलं. दुखतं का विचारलं, नाही म्हणाली. आदल्या आठवड्यापासून ती गोळ्या खात होती. विमानतळावर तिची आई रडली नाही, फक्त तिच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, हात ठेवून उभी राहिली. लोकांना ते कौतुक वाटलं असेल.

पहिल्या मॅचला तिच्या आईने मला घरी बोलावलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या दुपारीच कारखान्यातून आल्या होत्या. चाळीतली माणसं दारापर्यंत बसलेली, टीव्हीशेजारच्या छोट्या बुद्धमूर्तीसमोर कुणीतरी ताजी फुलं ठेवलेली. तिला भारताची टोपी मिळताना दाखवलं तेव्हा सगळे पुढे सरकले. तिकडे ढगाळ होतं, मुली स्वेटर घालून उभ्या होत्या.

दुसऱ्याच षटकात तिने विकेट घेतली. चेंडू आत आला, बॅट आणि पॅडच्या मधून गेला. घरात असा दंगा झाला की शेजारचं बाळ रडायला लागलं. तिची आई मात्र माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "आता झालं ना गं? आता बसू देतील ना तिला?"

मी म्हटलं, "अजून ओव्हर आहेत, मावशी."

त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं आणि परत टीव्हीकडे बघायला लागल्या.

तिच्या चौथ्या षटकात ते झालं. ती धावत आली, उडी घेतली, चेंडू सुटला. चेंडू चांगला पडला होता, बॅटर चुकली होती, कॅमेरा आधी चेंडूच्याच मागे गेला. मग परत आला तेव्हा ती खेळपट्टीवर पालथी पडलेली होती. आधी वाटलं घसरली. चाळीतला एक मुलगा हसलाही. पण ती उठली नाही. तिने एक हात मागे नेला, पाठीला लावायला, आणि तो अर्ध्यातच थांबला. मग तो चेंडू पुन्हा पुन्हा दाखवायला लागले. हळू, आणखी हळू. पुढचा पाय टेकतो, कंबर वळते आणि काहीतरी सुटतं. दर वेळी तिचे डोळे मिटलेले.

"बंद कर," तिची आई म्हणाली. कुणीतरी टीव्ही बंद केला. माणसं एकेक करून निघून गेली.

आम्ही दोघीच उरलो. मावशींनी चहा ठेवला, कारण हाताला काहीतरी हवं होतं. मी भिंतीला टेकून बसले होते.

"तुला ठाऊक होतं?" त्यांनी पाठमोरं राहूनच विचारलं.

"हो."

"मलाबी. रोज वीट गरम करून शेकायचे मी तिला. कुणाला सांगू नको म्हणायची. आई, फक्त एकदा खेळू दे म्हणायची."

चहा उतू गेला तरी त्यांनी गॅस बंद केला नाही. मी उठून केला.

दिवेलागणीला माझा फोन वाजला. संघाच्या व्यवस्थापकांचा होता. तिला स्कॅनला नेलंय, ती दौऱ्यातून बाहेर आहे, तुझा व्हिसा झालेलाच आहे, पहाटेचं विमान मिळतंय, किती वेळात निघू शकशील, असं सगळं ते एका दमात बोलले. मी तिच्या घरात, तिच्या सतरंजीवर उभी राहून ते ऐकत होते. खोली एवढीशी, पलीकडचा आवाज मावशींना ऐकू गेला असणारच. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "तुला बोलावलं?"

"हो, मावशी."

माझी अशी इच्छा झाली की त्यांनी मला शिव्या द्याव्यात.

"जा मग," त्या म्हणाल्या. "उरणला जाऊन बॅग भरायची म्हणजे वेळ लागंल तुला. तिथं पोचलीस की आधी तिच्याकडं जा. तिला एकटं झोपायची सवय नाही."

इंग्लंडला पोचल्यावर मी आधी हॉस्पिटलात तिच्याकडे गेले. ती पाठीवर सरळ पडून होती, पट्ट्याने बांधलेली. डॉक्टर प्रवासाला परवानगी देत नव्हते. मणक्यातला तडा आरपार गेला होता आणि हाड सरकलं होतं. मी पलंगाशेजारी बसले.

"दुखतंय?"

"आता नाही. डावा पायच कळत नाही." मग छताकडे बघत म्हणाली, "पॅव्हेलियनच्या बाजूने टाकलंस तर वारा डावीकडून येतो. धावताना ढकलतो. खांदा सांभाळ."

"मी कुणाला काही सांगितलं नव्हतं," मी म्हटलं.

"माहितीये. सांगितलं असतंस तर तुझं तोंड बघितलं नसतं मी."

"आणि आता?"

"आता बघतेच आहे ना."

थंडीचे स्वेटर कमी होते. जर्सीवर नावं असतात, स्वेटरवर नव्हती, आणि आमचं माप एकच. म्हणून तिचा स्वेटर मला देण्यात आला. त्याला मलमाचा वास होता. पुढच्या मॅचमध्ये राष्ट्रगीताच्या वेळी जसं भरून यायला हवं होतं तसं काहीच आलं नाही, आणि नंतर तो घालून मिडऑनला उभी असताना मी त्याचा गळा नाकापासून खाली ओढत होते.

मी दोन मॅच खेळले. वारा डावीकडूनच येत होता. मी टप्पा धरून टाकलं, फार मार खाल्ला नाही, विकेटही मिळाली नाही. दुसऱ्या मॅचमध्ये त्यांच्या बॅटर चक्क पुढे चालत येऊन मला खेळायला लागल्या. कप्तानाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चेंडू काढून घेतला. परत आल्यावर महिन्याभराने पुढचा संघ जाहीर झाला. त्यात माझं नाव नव्हतं. निवड समितीतल्या त्याच बाईंनी सौजन्य म्हणून फोन केला. "तू फार प्रामाणिक बॉलर आहेस," त्या म्हणाल्या, "पण आपल्याला वेग हवाय." माझ्या जागी दुसऱ्या राज्यातली एक लहान मुलगी आली होती. तिच्या चेंडूचे व्हिडिओ लोक फोनवर एकमेकांना पाठवत होते.

प्रवासाची परवानगी मिळाल्यावर माझ्या मैत्रिणीचं ऑपरेशन मुंबईत झालं. मणक्यात स्क्रू बसवले. पुढचं वर्ष ती चालायला शिकत होती. वर्षभराने मला म्हणाली, मैदानावर ने. सकाळची वेळ होती, कुणी नव्हतं. तिने थोडी पावलं घेतली, हात फिरवला. चेंडू अर्ध्या खेळपट्टीवर पडून माझ्याकडे घरंगळत आला. मी तो परत फेकला. तिने तो पकडला नाही, शेजारून जाऊ दिला. "चल," म्हणाली. रिक्षात बसल्यावर तिने डोळ्यांवर ओढणी घेतली आणि पावण्यापर्यंत काढली नाही. त्यानंतर आम्ही मैदानाचं नाव काढलं नाही.

मला खेळाच्या कोट्यातून एका ऑफिसात नोकरी आहे. तिलाही अशी नोकरी देऊ म्हणाले होते, पण तिला टेबलाशी फार वेळ बसवत नाही, आणि मग कुणी पाठपुरावा केला नाही. ती वाशीला खेळाच्या सामानाच्या दुकानात असते, कमरेला पट्टा बांधून. गिऱ्हाइकाला बूट दाखवायचे तर दुकानातला दुसरा माणूस खाली बसून घालून देतो. कुणी कुणी तिला ओळखतात. "तुम्ही पडला होतात ना?" असं विचारतात. ती हो म्हणते.

मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. दार नुसतं लोटलेलं होतं. आत मायलेकी दोघी फरशीवर शेजारी शेजारी पाठ टेकून पडल्या होत्या, गुडघे वर करून, अगदी एकसारख्या. मावशींची आता दिवसभर उभं राहून पाठ गेली आहे, तरी कारखाना सुटलेला नाही. मला बघून दोघीही उठल्या नाहीत. मी पण खालीच बसले.

तिच्या हातात फोन होता. नव्या संघातली एक वेगवान मुलगी दाखवत होते, कुठल्याशा गावातली, सगळे तिला भारी म्हणत होते. ती फोन डोळ्यांजवळ धरून बघत होती. मग मला दाखवला.

"पुढचा पाय बघ हिचा," ती म्हणाली. "आडवा पडतो. एक-दोन वर्षांत पाठ जाईल हिची."

"कुणाला तरी सांगायला पाहिजे," मी म्हटलं.

"कोणाला?"

मी एक-दोन नावं आठवून बघितली, पहिलं निवड समितीतल्या त्याच बाईंचं. तिने तोच चेंडू परत लावला. मावशी डोळे मिटूनच म्हणाल्या की आवाज कमी कर, उद्या कामावर सकाळची पाळी आहे.