फुलपात्रावरचं नाव

आई गेल्याला वर्ष होत आलं. तिचं पाणी प्यायचं फुलपात्र घासताना आज पुन्हा माझा अंगठा त्यावर कोरलेल्या अक्षरांवर अडखळला. 'चि. शालिनीस सप्रेम भेट.' आईचं नाव कुसुम. आमच्या नात्यागोत्यात शालिनी कुणी नाही.

मागे मावशीला विचारलं तर म्हणाली, "अगं, लग्नाकार्यात भांडी इकडची तिकडे होतातच. नावं त्यासाठीच तर घालतात."

असेलही. पण चुकून आलेल्या भांड्यातून आई जन्मभर पाणी का प्यायली? आम्हाला कुणाला त्याला तोंड का लावू दिलं नाही?

तेव्हापासून मी उत्तरं रचते आहे. शालिनी तिची मैत्रीण असेल. शालिनी माझ्याआधी जन्मलेली, न जगलेली मुलगी असेल. उत्तरागणिक आई निराळीच बाई होते, माझी कमी कमी होत जाते. तरी मन थांबत नाही. रिकामी जागा त्याला सोसवतच नाही. खोटं का होईना, काहीतरी तिथे भरायचं असतं.

हेच फुलपात्र मी शाळेत असल्यापासून घासत आले. "आई, ही शालिनी कोण गं?" एवढंच विचारायचं होतं. तेव्हा ती शेजारच्याच खोलीत असायची, आणि मला भांडी आवरायची घाई असायची.