मिक्योनमामाची घोंगडी

त्या सकाळी हिमेत्तोस डोंगरावरून बोचरा वारा सुटला होता आणि माझा मिक्योनमामा अंगणात ऑलिव्हची वाळकी खोडं फोडत होता. मामा अथेन्सचा मोळीविक्या. दोन महिने रानात पाऊल टाकता आलं नव्हतं, कारण इलिसोस नदीपलीकडे दोरियनांची फौज तळ देऊन बसलेली. परसातलं जुनं लाकूडही संपत आलं होतं.

देवाचा कौल शहरात सगळ्यांना ठाऊक होता. राजा शत्रूच्या हातून मेला तर अथेन्स वाचेल, नाहीतर पडेल. तो शत्रूच्याही कानावर गेला होता, म्हणून कोद्रोस राजाला ओरखडाही काढायचा नाही, असा त्यांच्या फौजेला हुकूम होता.

परसदारानं राजा एकटाच आला. त्यानं घोंगडी मागितली, कोयता मागितला. मामाला कळायचं ते कळलं. तो म्हणाला, मोळी घेऊन मीच जातो.

"तू मेलास तर लोकांच्या चुली विझतील, मिक्योन," राजा म्हणाला. "शत्रू काही हलायचा नाही."

फानोमामीनं चुलीतली राख आणून राजाच्या तेल लावलेल्या दाढीला फासली. "आता कुणी पोरगी द्यायचं न्हाई तुमाला," म्हणाली. राजा हसला. पण कोयता हातात घेतला आणि पंचाईत झाली. तरुणपणापासून सरहद्दीवर लढत आलेला माणूस. मूठ आवळून, खांदा पुढं काढून उभा राहिला. पहिल्याच पहारेकऱ्यानं ओळखलं असतं, आणि सगळंच फुकट.

मामानं चारदा दाखवलं. शेवटी वैतागला.

"म्हाराज, ही तलवार न्हाई. लाकूड काय पळून जातंय व्हय? मूठ सैल सोडा. दमल्यावानी उभं ऱ्हावा."

"दमलोच आहे रे," राजा म्हणाला, आणि मूठ आपसूक सैल झाली.

मामानं त्याच्या पाठीवर मोळी चढवून आपली नेहमीची गाठ मारली.

दुपारी लोकांनी तटावरून पाहिलं. नदीकाठी एका मोळीविक्याची पहारेकऱ्यांशी बाचाबाची झाली, त्यानं एकावर कोयता चालवला, दुसऱ्यानं त्याच्या कुशीत भाला घातला. आमचे लोक राजाचं प्रेत मागायला गेले तेव्हा कुठं दोरियनांना कळलं आपण कुणाला मारलं ते. दुसऱ्या दिवशी तळ उठला. प्रेत घरी आलं तेव्हा मोळीची गाठ सुटली नव्हती.

राणीनं घोंगडी धुऊन मामाकडं परत धाडली. लोक म्हणाले, देवळात ठेव. मामा म्हणाला, राजानं मागून नेली, परत आली. थंडीत मी ती पांघरली नाही तर त्यालाच वाईट वाटेल. मामीनं भाल्याच्या भोकाला ठिगळ लावलं.

पुढं तीस वर्षं रोज पहिला घाव घालायच्या आधी मामा त्या ठिगळावर हात ठेवायचा आणि राजाचं नाव घ्यायचा. त्याच्या दोन्ही पोरी आपापल्या घरी नांदल्या, कुणाच्या दासी झाल्या नाहीत.

एकदा मी विचारलं, रोज काय बोलतोस त्याच्याशी?

"बोलायचं काय? हाय म्हणून सांगतो. आमी सगळी हाय." मामानं कुऱ्हाड उचलली. "सर बाजूला, ढलपी उडंल डोळ्यात."